सव्वीस दिवसांचं पाणी

अहवाल बावीस पानांचा होता आणि त्यातलं खोटं दोन ओळींत मावलं होतं. सातव्या पानावर म्हटलं होतं की कंडेन्सरच्या नव्या नळ्या बसवताना कंत्राटी फिटरने त्यांची टोकं रोलरने प्रमाणाबाहेर फुगवली, म्हणून नळ्यांना चिरा गेल्या. आठव्या पानावर शिफारस होती: सदर फिटरचा गेट पास कायमचा रद्द करावा. सगळ्यात शेवटी समितीच्या तिघांच्या सह्यांसाठी तीन रेघा. दोन भरलेल्या होत्या. तिसरीखाली उज्वलाचं नाव छापलं होतं.

तिने पेन उचललं नाही. अहवालाशेजारी टेबलावर नळीचे चार तुकडे पडले होते, लांबीत उभे चिरलेले, शेंगा सोलून ठेवाव्यात तसे. ते तिने शंभरदा पाहिले होते. तरी पुन्हा एक उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

राग आला की उज्वलाचा आवाज चढत नसे, उतरत असे. प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली काम करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. आज सकाळपासून ती इतक्या हळू बोलत होती की कुणी तिच्या टेबलाकडे फिरकलं नव्हतं.

नाशिकच्या इंदिरानगरहून कंपनीच्या बसने तासाभराच्या अंतरावर असलेल्या या कोळशाच्या वीज केंद्रात ती एकोणीस वर्षं पाणी तपासत होती. बाहेरच्यांना वाटतं, वीज कोळशावर चालते. ती पाण्यावर चालते. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, आणि मग ती वाफ कंडेन्सर नावाच्या एका घराएवढ्या पेटीत शिरते. त्या पेटीत अकरा हजार नळ्या आडव्या बसवलेल्या असतात. नळ्यांच्या आतून नदीचं गार पाणी वाहतं, बाहेरून वाफ जाते. वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते परत बॉयलरकडे जातं. हे पाणी सलाइनच्या बाटलीतल्या पाण्यापेक्षाही शुद्ध लागतं. आणि पेटीत हवा जवळजवळ नसते, त्यामुळे एखाद्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तरी नदीचं पाणी आत ओढलं जातं आणि थेट बॉयलरपर्यंत पोचून त्याच्या नळ्या खायला लागतं.

जानेवारीत तसंच झालं. तिच्या मीटरवर सोडियम, म्हणजे नदीच्या पाण्यातलं मीठ, वाढायला लागलं. कंडेन्सरच्या सगळ्या नळ्या चारच महिन्यांपूर्वी बदलल्या होत्या, नव्याकोऱ्या स्टेनलेस स्टीलच्या. मीटर बिघडलं असेल, असं सगळे म्हणाले. मीटर बिघडलं नव्हतं.

मग पुंजाला बोलावलं.

पुंजा वणीकडचा. सव्वीस वर्षं कंत्राटी फिटर; कंत्राटदार सहा बदलले, पुंजा तोच. या नव्या नळ्या बसवल्याही त्यानेच होत्या. फुटकी नळी शोधायची त्याची रीत जुनी होती. कंडेन्सरच्या अर्ध्या भागाचं पाणी बंद करून काढायचं, गोल झाकण उघडायचं, आणि आत वाकून नळ्यांच्या तोंडांसमोर एकेक करत पेटती उदबत्ती धरायची. चांगल्या नळीसमोर धूर सरळ वर जातो. फुटकी आली की धुराची रेघ वाकते आणि नळीत शिरते. तिथे खडूची फुली, मग दोन्ही टोकांना पितळी बूच ठोकायचं.

"ताई, ही बघा, कशी ओढती," तो आतून म्हणायचा. अख्ख्या केंद्रात तिला ताई म्हणणारा तो एकटाच होता. बाकीच्यांसाठी ती मॅडम होती, आणि पाठीमागे पाणीवाली बाई. "गडावरच्या यात्रेतली उदबत्ती हाय. कंपनीच्या मशीनपरीस लय इमानदार."

जानेवारी ते एप्रिल, तीनशे बारा बुचं. मार्चमध्ये एवढं करूनही बॉयलरची नळी फुटली आणि केंद्र नऊ दिवस बंद पडलं. मुख्य कार्यालयाला कारण हवं झालं. समिती नेमली गेली: केंद्रप्रमुख वेणीमाधव साहेब, यांत्रिकी विभागाचा धवल, आणि रसायन विभागाची उज्वला.

कारण तिला आधीपासून माहीत होतं. राग त्याचाच होता.

गेल्या सप्टेंबरात नळ्या बसवून झाल्या त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष लागेल, मग पंधरा दिवस नवं काही सुरू करता येणार नाही, म्हणून साहेबांनी त्याच सकाळी कंडेन्सरचं जलपूजन ठेवलं. साहेबांचं घराणं त्र्यंबकेश्वरचं, घरात पौरोहित्य. मंत्र त्यांनी स्वतः म्हटले, स्वच्छ आणि सुरेल. गोदावरीच्या पाण्याचा कलश वाहिला, नारळ वाढवला. उज्वलाने झाकणाला हळदकुंकू लावलं. मग पंप सुरू करून नदीचं पाणी अकरा हजार नळ्यांत भरलं आणि पंप बंद केला. भाद्रपदातलं पाणी, चहासारखं गढूळ. त्यात दहा दिवसांचं निर्माल्य वाहून आलेलं. वाहतं असतं तर काही बिघडलं नसतं. वाहत नव्हतं.

घटस्थापनेला संचालक येऊन बटण दाबणार होते. घटस्थापनेला त्यांना जमलं नाही, दसऱ्याला आले. सव्वीस दिवस ते पाणी नळ्यांत उभं राहिलं.

उभ्या पाण्यातला गाळ नळीच्या तळाशी बसतो. त्याच्या खाली जिवाणूंची वस्ती होते. स्टेनलेस स्टीलला गंजू न देणारा जो अदृश्य थर असतो, तो तेवढ्या जागी मरतो, आणि मग धातू आतून पोखरला जातो. वरून टाचणीचं टोक जाईल एवढं भोक, आत गुहा. हे एम. एस्सी.च्या पुस्तकात असतं. ते वाचण्याआधी गावच्या आडातलं पाणी पाहिलेल्या माणसालाही कळतं.

तीन दिवसांनी, नऊ सप्टेंबरला, ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली होती.

"साहेब, ते पाणी काढून नळ्या हवेने सुकवायला हव्यात. सुरू करताना पुन्हा भरू."

साहेब फाइलमधून वर बघून हसले होते. "मॅडम, पूजन झालेलं पाणी आहे ते. पितृपक्षात भरलेलं रिकामं करतात का? आणि पुन्हा भरायचं म्हणजे पंपवाल्यांचे दोन दिवस. थोडेच दिवस आहेत, राहू द्या."

तिने राहू दिलं. जागेवर येऊन कागद टाइप केला, पाच ओळींचा, मुद्देसूद. छापून काढला. आणि खणात ठेवला. पूजेच्या विरोधात कागद देणारी बाई, हे नाव तिला नको होतं. अजून दोन-तीन दिवसांनी पुन्हा तोंडी सांगू, असं तिने ठरवलं आणि सांगितलं नाही. सही नसलेला तो कागद आजही खणात होता.

दार वाजलं. धवल आत आला. तिशी नुकती ओलांडलेला, हुशार, आणि केंद्रप्रमुखांच्या केबिनकडे तोंड करून वाढणारं झाड.

"मॅडम, साहेब विचारतायत, सही झाली का?"

"तू सही करताना हे पाहिलं होतंस?" तिने नळीचा तुकडा पुढे केला.

धवलने तो घेतला नाही. "पाहिलंय."

"भोकं कुठे आहेत?"

"मॅडम..."

"सांग ना. तू यांत्रिकीचा आहेस."

"मध्ये आहेत. तळाला."

"टोक जास्त फुगवलं तर चीर कुठे जाते?"

"टोकापाशी." त्याने मान खाली घातली. "मला कळत नाही असं नाहीये, मॅडम. पण साहेबांचं नाव अहवालात घालणार कोण? पुंजाला कुठेतरी काम मिळेल."

"गेट पास कायमचा रद्द झालेल्या माणसाला जिल्ह्यातला कुठला कारखाना फाटकातून आत घेतो? एक नाव सांग."

 धवल कपाटातल्या बाटल्यांवरची लेबलं वाचत राहिला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "एक मार्ग आहे. तुमच्याकडे तो सप्टेंबरचा कागद आहे ना? तुम्हीच मागे म्हणाला होतात. सही करा, नऊ सप्टेंबर तारीख टाका, फाइलला लावा. आवक नोंदीतलं मी बघतो, त्या पानावर एक ओळ कोरी आहे. तुम्ही लेखी दिलं होतं म्हटल्यावर साहेबही नरम पडतील. पुंजा सुटेल, तुम्हीही सुटाल."

उज्वलाने त्याच्याकडे पाहिलं. कोरी ओळ त्याने आधीच शोधून ठेवली होती. म्हणजे डोकं चालत होतं. फक्त सरळ चालत नव्हतं.

आणि तिचा हात खणाकडे गेला होता, हेही तिला दिसलं. खण अर्धा उघडला होता. एक सही, एक तारीख. कागदातला शब्द न् शब्द खरा होता. खोटं असणार होतं ते एवढंच, की तो तिने दिला.

तिने खण लोटून बंद केला.

"साहेबांना सांग, अर्ध्या तासात येते."

तो गेल्यावर तिने कोरा कागद घेतला आणि हाताने लिहायला बसली. पूर्ण अहवाल इंग्रजीत होता. तिने मराठीत लिहिलं. पहिल्या दोन ओळी सरळ आल्या. तिसऱ्या ओळीला हात थांबला. चौथीला तर ती उठून खिडकीपाशी गेली, परत आली, आणि एका दमात ओळ संपवली, दुखणारा दात उपटून टाकावा तशी.

साहेबांच्या केबिनमध्ये वातानुकूलन इतकं होतं की बाहेर एप्रिल आहे हे विसरावं. धवल कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. साहेबांनी चहा मागवला.

"या मॅडम. तुमच्या सहीसाठी अडलंय."

"मी या अहवालावर सही करणार नाही. माझं वेगळं पान जोडायचं आहे." तिने कागद आणि नळीचा तुकडा टेबलावर ठेवला.

साहेबांनी नळी बाजूला सारली आणि कागद घेतला. "मराठीत?"

"ज्याच्यावर दोष ठेवलाय त्याला वाचता आलं पाहिजे."

साहेब वाचू लागले. कागदावर होतं ते असं:

नळ्यांना पडलेली भोकं टोकांजवळ नाहीत, टोकांपासून एक ते सहा मीटर आत, नळीच्या तळाशी आहेत. सहा सप्टेंबर ते दोन ऑक्टोबर असे सव्वीस दिवस नदीचं गढूळ पाणी नळ्यांत न हलता उभं होतं, आणि त्यात वाढलेल्या जिवाणूंनी ही भोकं पाडली. पाणी काढू नये हा निर्णय केंद्रप्रमुखांचा होता. पाणी काढलं पाहिजे हे मला नऊ सप्टेंबरला माहीत होतं. मी ते एकदा तोंडी सांगितलं, लेखी दिलं नाही आणि नंतर गप्प बसले, तेवढा दोष माझा आहे. फिटर पुंजा यांच्या कामात मला काहीही दोष आढळला नाही.

साहेबांनी चष्मा काढला. ते रागावले नव्हते, निदान तसं दिसत नव्हतं. "जिवाणू. याला पुरावा काय? नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले तर तीन महिने जातील. तोवर मुख्य कार्यालय थांबणार नाही."

"चार नळ्या वेगवेगळ्या भागांतून काढल्यात. चारही ठिकाणी भोकं तळाशीच आहेत. पुंजाच्या रोलरला वर-खाली कळत नाही साहेब, तो गोल फिरतो. गाळाला कळतं."

धवलच्या तोंडून हसू निसटलं. साहेबांनी तिकडे पाहताच ते विरलं.

"आणि हे सगळं पूजेवर ढकलायचं," साहेब म्हणाले. "बाहेर कळलं तर काय म्हणतील लोक? श्रद्धेमुळे केंद्र बंद पडलं?"

उज्वलाचा आवाज आता इतका खाली गेला की साहेबांना पुढे वाकावं लागलं.

"मी पूजेबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. तुमच्या घरात पिढ्यांपासून पूजा सांगतात. मला एवढंच सांगा, कलशातल्या पाण्याचं दुसऱ्या दिवशी काय करतात?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

"तुळशीला घालतात," कोपऱ्यातून धवल म्हणाला, आणि आपण का बोललो असं तोंड करून बसला.

"तुळशीला घालतात," उज्वला म्हणाली. "त्या दिवशी अख्खं नाशिक विसर्जन करत होतं, साहेब. भरलेलं रिकामं करू नये हे शास्त्रात नाही. पंपवाल्यांचे दोन दिवस आणि संचालकांची तारीख, एवढंच होतं ते. तुम्ही त्याला पूजेचं नाव दिलंत, मला ते तेव्हाच कळलं होतं, आणि मी मान डोलावली. आता त्याच गोष्टीला पुंजाचं नाव देताय. मी दुसऱ्यांदा मान डोलावणार नाही."

चहा आला. कुणी घेतला नाही.

"हळदकुंकू तुम्ही वाहिलं होतं, मॅडम," साहेब शांतपणे म्हणाले. "आणि लेखी काही दिलं नव्हतंत. हे पान वर गेलं तर पहिली चौकशी तुमची होईल. तुम्ही मला तोंडी सांगितलं, याला साक्षीदार कोण? माझ्या शब्दासमोर तुमचा शब्द. विचार करा. एकोणीस वर्षं झाली तुम्हाला."

"होऊ दे चौकशी. मला विचारतील तेव्हा मी हेच सांगेन. तुम्हाला विचारतील तेव्हा तुम्ही काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

तिने कागदावर सही केली, तारीख घातली. अहवालाच्या तिसऱ्या रेघेवर लिहिलं: असहमत, पान जोडलं आहे. आवक नोंदीचं रजिस्टर स्वतः मागवून घेतलं, कागदाची नोंद स्वतःच्या अक्षरात केली, आणि मागे सप्टेंबरच्या पानावरची कोरी ओळ तिरप्या रेघेने काट मारून बंद केली. धवलने ते पाहिलं. त्याचे कान लाल झाले आणि तो छताकडे बघू लागला.

बाहेर पडताना साहेबांनी नळीचा तुकडा हातात घेतलेला तिला दिसला. त्यांनी तो उजेडाकडे धरला होता. ते उत्तम अभियंते होते. त्यांना एका नजरेत कळणार होतं, जसं ते सप्टेंबरातही कळलं असणार. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

पुंजा फाटकाबाहेर मोरीच्या कठड्यावर बसला होता. पास सकाळीच काढून घेतला होता, अहवाल येईपर्यंत. पायांशी हत्यारांची पेटी. डोक्यावर रुमाल. ऊन असं होतं की डांबराचा वास येत होता.

"काय झालं ताई?"

तिने कागदाची प्रत त्याच्या हातात दिली. पुंजाने बोटं शर्टाला पुसली आणि ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली, सावकाश, ओठ हलवत. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला त्याने भुवया वर केल्या आणि फाटकाकडे पाहिलं. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. ते परत ओळीच्या सुरुवातीला गेलं. दुसऱ्यांदा वाचून झालं तेव्हा त्याने मान वर केली.

"तुमाला तवाच म्हाईत व्हतं?"

"हो."

"गणपती गेले त्याच आठवड्यात?"

"हो."

 एक कोळशाचा ट्रक फाटकातून आत गेला, त्याची धूळ दोघांच्या अंगावर बसली.

"मी त्या पेटीत चार महिने वाकून काढले," तो म्हणाला. "तीनशे बारा. प्रत्येक खेपेला तुमी मागं उभ्या. मी म्हणायचो, माझंच काय चुकलं आसंल. रोलर कमी फिरवला, जास्त फिरवला. घरी झोपताना हातानं फिरवून बघायचो. बायको म्हणायची, याड लागलं का. आन् तुमाला म्हाईत व्हतं."

"मी सांगायला हवं होतं."

"मला नका सांगू. मला सांगून काय व्हतंय? मी फिटर. तिथं सांगायचं." त्याने फाटकाकडे बोट केलं. आवाज चढला नव्हता, पण बोट त्याने खाली घेतलं नाही.

 जे होतं ते कागदावर होतं, आणि त्याहून जास्त उज्वलाकडे काही नव्हतं.

"आता पास भेटंल?"

"माहीत नाही. अहवाल असाच वर जाईल. पण तुमचा दोष आहे असं तिघांनी मिळून म्हटलंय, असं आता कुणाला म्हणता येणार नाही."

पुंजाने कागदाची चौघडी केली, मग परत उलगडली. खालची सही पाहिली, सहीखालची तारीख पाहिली. नंतर तो घडी करून वरच्या खिशात, उदबत्तीच्या पुड्यामागे ठेवला, आणि पेटी जवळ ओढून कठड्यावर नीट बसला, पास मिळेपर्यंत हलायचंच नाही अशा बेताने.

"कागद चांगला हाय, मॅडम," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तारीख सप्टेंबरची पायजे व्हती."